मधली फाईल

अंबडला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
शेडवर चढवलेल्या पत्र्याच्या माडीत
रात्री साडेनऊला मी दोन खिडक्या उघडून बसले आहे.
डावी आकडे सुचवते.
उजवी भट्टी असल्याचं सोंग करते.
दोघींची एकमेकींशी ओळख नाही.

डावीचं म्हणणं, चूक किती झाली तेवढंच सांगा.
उजवीचं म्हणणं, गुणक किती ठेवू तेवढंच सांगा.
आणि मधे मी, स्थळं जुळवणाऱ्या आत्यासारखी,
सोमवारपासून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे
हातानं टाईप करून पोचवतेय.
बत्तिसाव्या खेपेला दशांशाचा टिंब सुटला
आणि भट्टी सूर्याच्या पुढे गेली.
पडद्यावर काही वितळत नाही, हे एक बरं.
पडद्यावरच्या आगीनं पायही शेकत नाहीत.
निफाडकडून गार वारा येतोय, मोजे ओले, डिसेंबर.

म्हणून मग स्क्रिप्ट. सत्तेचाळीस ओळींची.
ती डावीला सांगते, तुझं काय ते या फाईलीत ठेव.
उजवीला उठवते, वाच, चालव, उत्तर लिही,
आणि उरकलं की शेजारी एक रिकामी फाईल टाक,
जिचं नाव फक्त 'झालं'.
ती दिसेपर्यंत डावी थांबते,
दाराशी चपला दिसल्या की कळतं ना
माणूस घरी आलंय,
तसं.

पहिल्या रात्री एकशे दहा फेऱ्या झाल्या.
सगळ्या वेड्या.
तापमान झोपाळ्यावर बसल्यागत
वर, खाली, वर,
थांबायचं नावच नाही.

सकाळी पाथर्डी फाट्यावर, मिसळीत पाव बुडवताना, कळलं.
डावीचा काळ मिनिटांत होता, उजवीचा सेकंदांत.
ती म्हणायची, चार.
ही चार पळभरात संपवून
पुन्हा हात धुऊन मागे लागायची.
रस्सा बोटांवरून मनगटाकडे ओघळला
आणि मी मोठ्यानं म्हणाले, गुणिले साठ.
समोरचा रिक्षावाला म्हणाला, नाही ताई, मीटरनंच घेतो.

दुसऱ्या रात्री वक्र शहाण्यासारखा वागला.
नऊशे वीसपर्यंत चढला, चार अंश पुढे गेला,
ओशाळून मागे आला, बसला.
मी उगाचच खुर्चीतून उठले.

तेवढ्यात खालून दौलत आहेर चहा घेऊन आले.
सतरा वर्षं ते भट्टीवर आहेत. वक्र पाहिला, वाकून पाहिला.
'ही आपली भट्टी नाही.'
'का?'
'हिचं दार लागतं.'

खाली गेलो. दाराच्या कडेची दोरी
डाव्या अंगाला झिजून सुतळी झालेली,
फटीत नारिंगी रेघ,
रेघेपुढे त्यांनी धरलेला पंजा.
'इथनं पंधरावीस अंश रोज जातात. आम्ही धरूनच चालतो.'
'नवी दोरी?'
'पुण्याहून येतेय. मार्चपासून येतेय.'

वर येऊन मी अठ्ठेचाळिसावी ओळ लिहिली.
नाव काय द्यावं म्हणून दोन मिनिटं अडले,
मग रोमन लिपीत का होईना, 'फट' लिहिलं.
वक्र लगेच बिघडला.
चढताना धापा टाकू लागला, पोचल्यावर घसरू लागला,
आणि दौलतराव पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसले.
'आता आपली वाटते.'

मग दोघींना एकमेकींवर सोडून दिलं.
फाईल यायची, फाईल जायची,
'झालं', पुसलं, 'झालं', पुसलं.
बाराच्या पुढे कुणालाच आमची गरज नव्हती,
तरी आम्ही बसलो,
चहाचे ग्लास गार, हायवेवर ट्रकचे गियर बदलताहेत,
दौलतराव मधूनच विचारताहेत, आता कोण बोलतंय?
मी बोट दाखवतेय, डावी. आता उजवी.

पहाटे आकडे सापडले. वहीत उतरवले.
मशीन बंद करायच्या आधी त्या ओळीशेजारी
टिपण टाकलं, माझ्यानंतर कुणी उघडेल त्याच्यासाठी:
दोरी आल्यावर ही ओळ काढणे.
आणि खाली, दौलतरावांच्या सांगण्यावरून:
काढण्याआधी हात लावून बघणे.